लेखनिक

हल नावाचं शहर.
मराठीत ही आज्ञा होते: हल!
इथे सकाळपासून नदीवरचं धुकंही हललेलं नाही.

मला दिलेली खोली खेळाच्या सामानाची.
जाळ्या, हवा गेलेले बॉल,
एक टेबल, दोन खुर्च्या,
आणि कॉरी ब्लेनकिन, वय सोळा,
उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.
तो बोलणार, मी लिहिणार.
नियम भिंतीवर चिकटवलेत:
लेखनिकाने सुचवू नये, सुधारू नये.
भुवई उंचावू नये, हे माझं मी जोडलेलं.

कविता कुणा धोबिणीची, नाव छापलेलं नाही.
अख्ख्या शहराचे सदरे ती धुते,
कॉलरवरचा मळ बघून सांगते
कोण कुणाच्या मानेवर बसलंय.
भिंतींना ओल. मुलं यमकात खोकतात.
शेवटची ओळ अर्ध्यावर तुटलेली.

प्रश्न चौथा. शहरातील दैन्य आणि जुलूम
कवयित्रीने कोणत्या प्रतिमांतून मांडला आहे?
वीस गुण.
आपल्याकडे गुण औषधालाही येतो.
खोकल्याला यातले किती द्यायचे?

कॉरी बराच वेळ प्लास्टरवरची कुणाचीतरी सही खरवडतो.
मग म्हणतो, लिहा.
ओल हे रूपक नाही.
ओल म्हणजे ओल.
आमच्याकडे कपाटामागे आहे, काळी.
आई रविवारी ब्लीचनं पुसते, मंगळवारी परत.
कौन्सिलचा माणूस येऊन म्हणाला,
तुम्ही घरात श्वास फार घेता.

मी लिहिते.
माझ्याकडे शब्द आहेत, उपरोध, प्रतीक, विरोधाभास,
एखादा पुढे सरकवला तर
तीन गुण तरी कुठे गेले नसते.
टेबलाखाली पाय आवळून बसते.

चौकीत माझा बाप म्हणाला होता: मारलं.
पाणवठ्यावर, चौघांनी, मला.
कारकुनानं लिहिलं:
उभय पक्षी बाचाबाची झाली.
अक्षर सुवाच्य होतं, कुणीही कौतुक करावं असं.
खाली बापाचा अंगठा, जांभळा,
त्या वाक्याला राजी असल्यासारखा.

मिस, वाचून दाखवता?
एवढं चालतं. मी वाचते, सपाट आवाजात.
हे मी म्हणालो?
मी मान हलवते.
बरं वाटतंय की, म्हणतो, आणि खुर्चीत ताठ होतो.

आता शेवटची ओळ.
सगळे लिहितील, आशा संपली म्हणून ती तुटली.
तसं नाही. मीटरमधले पैसे संपले असणार.
आमच्याकडे टीव्ही चालू असतो,
आई काहीतरी सांगत असते आणि फट्.
मग अंधारात कुणी वाक्य पुरं करत नाही,
सगळे चावी शोधतात.
धोबिणीच्या काळात मीटर होते का, मिस?

मी भिंतीवरच्या नियमांकडे बघते.

नसतील. तरी लिहा.
आणि तिला राग आलाय असं ती कुठेच म्हणत नाही,
पण कॉलर घासताना तिचा जो हात

वेळ संपली.
बाहेरच्या हॉलमध्ये दोनशे खुर्च्या एकदम सरकल्या.
पूर्णविराम मी दिला नाही.
तो त्याचा होता, त्यानं दिला नव्हता.

पाकिटावर कॉरी डाव्या हातानं सही करतो.
वाकडी येते, पहिलं अक्षर चौकटीबाहेर.
वेळ लागतो. मी लागू देते.
दारात थांबून विचारतो: किती पडतील?
मी नुसतं अक्षर आहे रे, म्हणायचं होतं.
कोट विसरू नकोस, म्हटलं.

हेसल रोडवरच्या दुकानात
मीटरची चावी भरून घेतली, दहा पौंड.
दुकानदारानं विचारलं,
अंगठ्याला काय लागलंय तुमच्या?
बघितलं.
शाई आहे, म्हटलं. कामाची.